एजवॉटरची वीज

वर्तकनगर, ठाणे
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

फोनवर तू 'कुठवर आलास?' विचारतोस आणि मी 'चाललंय' म्हणून वेळ मारून नेतो. फोनवर सांगण्यासारखं ते नाहीच. शिवाय तुझ्या तोंडून पुढची गोष्ट फुटायची भीती. म्हणून लिहितोय. 'द आउटर वर्ल्ड्स' हा गेम निम्मा तरी झाला असावा. मोनार्क नावाच्या चंद्रावर उतरलोय, तिथल्या स्टेलर बे गावात फिरतोय. यापुढचं एक अक्षर कळवायचं नाही, शप्पथ आहे.

तू म्हणाला होतास, कंपन्यांची टिंगल आहे, हसून हसून मरशील. हसलो, नाही कशाला म्हणू? सत्तर वर्षं बर्फात पडलेल्या आपल्याला फिनिअस वेल्स नावाचा शास्त्रज्ञ उठवतो, पॉडमध्ये, म्हणजे छोट्या यानात घालून खाली सोडतो, आणि ते पॉड पडतं नेमकं ज्याला भेटायचं त्या कॅप्टन हॉथॉर्नच्या अंगावर. तो जागच्या जागी खलास. मग त्याचंच नाव लावायचं आणि त्याचंच जहाज चालवायचं. जहाजाचं नाव 'अनरिलायबल', आणि त्यातल्या एडा नावाच्या कॉम्प्युटरला सगळं कळलेलं असूनही ती चेहरा... म्हणजे आवाज सरळ ठेवून आपल्याला कॅप्टन म्हणते. फॉलआउट या गेममालिकेचा पहिला भाग १९९७ साली ज्यांनी उभा केला त्या टिम केन आणि लेनर्ड बोयार्स्की या जोडीचा हा गेम, २०१९चा. तो वाह्यात विनोद लगेच ओळखू येतो.

यामागचा इतिहास मला फार आवडला. १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅककिन्ली गोळी लागून गेले आणि थिओडोर रूझवेल्ट खुर्चीवर आले. त्यांनी बड्या बड्या ट्रस्टांना, म्हणजे बाजार मुठीत ठेवणाऱ्या कंपन्यांना, कोर्टात खेचलं. या गेमच्या जगात मॅककिन्ली मरतच नाहीत, त्यामुळे रूझवेल्ट येत नाहीत आणि कंपन्यांना आवरणारा कोणी उरत नाही. तिथून थेट २३५५ साल. अख्खी हॅल्सियन वसाहत कंपन्यांच्या बोर्डाच्या मालकीची. एक माणूस वाचला म्हणून साडेचारशे वर्षांनी आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला माणसं मासे डब्यात भरतायत. लेखकाला दाद द्यावी लागते.

पण मला पकडलं ते एजवॉटरनं. तू त्या गावातून धावत गेला असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मी तिथं रेंगाळलो. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला होता आणि बाबा मागे सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते. कबरी खणणारा सायलस मला सांगत होता की लोकांनी आपल्या कबरीच्या जागेची फी थकवली आहे, ती वसूल करून आण. एकानं आत्महत्या केलीय, तर तो कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केल्याचा गुन्हा! मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, ''मेल्यावरपण कपात?'' त्यानंतर त्या रात्री त्यांनी पेपर काही उचलला नाही.

वागळे इस्टेटमधली बाबांची नोकरी तुला आठवते ना? एमआयडीसीची ती पहिली वसाहत. बाबा तिथं फिटर. आपण शाळेत असताना कंपनी बंद पडली. बाबा त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, पण एजवॉटरची कॅनरी, म्हणजे मासे डब्यात भरायचा कारखाना, बघताना आपणहून बोलायला लागले. गेटवर नोटीस चिकटली तेव्हा सेकंड शिफ्टवाले जेवणाचे डबे हातात धरून बाहेर उभे होते. वॉचमन रोजचाच, नावानं ओळखणारा, पण आत सोडेना. पुढे कितीतरी दिवस काही जण शिफ्टच्या वेळेला यायचे, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे, गेटकडे बघायचे आणि घरी जायचे. ''कंपनीला शिव्या द्यायचो रे आम्ही रोज. पण जायचं कुठं?'' ग्रॅच्युइटी मिळायला किती चपला झिजल्या, ते पुन्हा सांगत बसत नाही.

आता पुढचं बघ. जहाज उडवायला पॉवर रेग्युलेटर हवा आणि तो मिळवायचा तर दोनपैकी एका ठिकाणची वीज तोडायला लागते. एकीकडे रीड टॉब्सनचं एजवॉटर, दुसरीकडे गाव सोडून गेलेल्यांची बोटॅनिकल लॅब. रीडचा राग यायला हवा, पण तो धड येत नाही. कंपनीच्या नियमांवर त्याची वारकऱ्याची असावी तशी श्रद्धा आहे. गावात साथ आली, औषध कमी पडलं, तेव्हा ज्याचं काम जास्त त्याला औषध आधी, असा त्याचा हिशेब. त्या हिशेबात अ‍ॅडिलेडचा मुलगा गेला. लॅबवाल्यांची पुढारी तीच. ती ताज्या भाज्या पिकवते, माणसं जगवते. भाज्या एवढ्या रसरशीत कशा, ते खणून काढलं की मात्र घास घशाखाली उतरत नाही. खत माणसांच्या प्रेतांचं.

मी एजवॉटरची वीज तोडली. बाबा लगेच म्हणाले, ''आणि त्या कारखान्यातल्या लोकांचं काय?'' मी म्हटलं, जातील लॅबमध्ये, तिथं निदान खायला मिळेल. ते काही बोलले नाहीत. माझा निर्णय मला अजूनही पटतो. ज्या गावात औषधासाठी आधी तुझं प्रॉडक्शन विचारतात, ते गाव चालू ठेवायला मी वीज देणार नाही. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर गेमकडेही नाही. कॅनरीतल्या कामगारांना तोंड उघडायला दोन-दोन वाक्यं मिळतात, त्यातलं एक कंपनीच्या जाहिरातीचं. रीड आणि अ‍ॅडिलेड तेवढे भरभरून बोलतात. आणि निर्णय घेणारा मी? रेग्युलेटर बसवला, इंजिन पेटवलं आणि निघून गेलो. गेट बंद करणारा माणूस नेहमी असाच गाडीत बसून जातो, हे बाबांचं वाक्य, माझं नाही.

विनोदाचीच या गेमला थोडी अडचण होते, असं माझं मत. दुकानदार माल विकून थकल्या आवाजात 'सर्वोत्तम नाही, पण स्पेसर्स चॉइस' हे कंपनीचं घोषवाक्य म्हणतो तेव्हा पहिल्यांदा फुटतोस. ग्राउंडब्रेकर या अवाढव्य जहाजावर तो चंद्राचं मुंडकं घालून उभा असलेला सेल्समन दिसतो, तेव्हा हसू आणि कणव एकदमच येतात. पण पुढच्या प्रत्येक टर्मिनलवर, प्रत्येक चिठ्ठीत तोच सूर लागतो. मारामारीबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. वेळ मंद करून नेम धरता येतो, ते बरं. बंदुका इतक्या सापडतात की त्या मोडीत काढण्यातच संध्याकाळ जाते.

त्यांची दोषांची कल्पना मात्र भन्नाट आहे. एखादा प्राणी फार चावला की गेम विचारतो, या प्राण्याची कायमची भीती घेतोस का? घेतली तर बदल्यात एक पर्क, म्हणजे जादा कसब. मी रॅप्टिडॉनची भीती घेतली. मोनार्कवर पाऊल टाकलं आणि बघतो तर जिकडेतिकडे रॅप्टिडॉन! माझा कॅप्टन घाबरून निम्मी अक्कल घालवतो आणि मला फार मजा येते. इतकं माणसासारखं पात्र मी आजवर खेळलो नव्हतो.

आणि पार्वती. नाव वाचून मला वाटलं, आपल्याकडच्या लोकांना खूश करायला घातलं असेल. तसं काही नाही. एजवॉटरची मेकॅनिक, काम बापाकडून शिकलेली, बाप आता नाही. यंत्राशी तासन्‌तास बोलेल, माणूस समोर आला की अडखळेल. ग्राउंडब्रेकरची कॅप्टन जुनलेई तिला आवडते. जुनलेईही इंजिनिअर, त्यामुळे यांच्या पत्रांत प्रेमाइतकेच नटबोल्ट. पार्वती ती पत्रं आपल्याला वाचून दाखवते, 'बरं वाटतंय का हे?' विचारते. शारीरिक ओढ स्वतःला वाटत नाही आणि त्यावरून आधी माणसं दुरावली, हेही ती सरळ सांगून टाकते. अख्ख्या वसाहतीचं भवितव्य बाजूला ठेवून मी सध्या तिच्या जेवणाच्या बेताची तयारी करतोय. तिच्याच गावची वीज तोडून वर हे.

मोनार्कवर पुन्हा तोच पेच दिसतोय. संजर नंदीला स्वतःची कंपनी बोर्डात परत न्यायचीय, आत शिरून सुधारणा करायच्यात म्हणे. आपल्या सोसायटीच्या कमिटीत असे दोन आहेत. पलीकडे अँबर हाइट्समध्ये आयकॉनोक्लास्ट नावाचे बंडखोर, त्यातला ग्रॅहम भाषणं ठोकतो आणि जखमा बांधायचं काम झोरा करते. मला आत्ताच झोरा पटतेय. पण या खेपेला आधी गल्लीबोळ फिरून ज्यांना दोनच वाक्यं दिलीत त्यांच्याशीही बोलणार, मग कोणाची बाजू घ्यायची ते ठरवीन. बाबांनीही 'त्या नंदीचं काय झालं?' म्हणून विचारायला सुरुवात केलीय, त्यामुळे ते झोपल्यावर खेळायची सोय राहिली नाही.

दुसरा भाग २०२५ मध्ये आलाय. तू घेतला असशील तर माझा हा संपेपर्यंत थांब, मग नाशिकला येतो आणि तुझ्याकडेच बसून सुरू करू. वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझा,
पप्या