‘परत सांग, तिला ऐकायचंय’: बालवर्गाच्या ताईंना पत्र

प्रिय ताई,

गेल्या आठवड्यात स्पीच थेरपीच्या तासाला तिनं बाहुलीला विचारलं, “तू जेवलीस?” याआधी ती ‘जेवली’ म्हणायची. या वेळी शेवटचा स स्पष्ट आला. खोलीतल्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. हे पत्र त्या एका स साठी आहे.

दोन्ही कानांना कमी ऐकू येणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी तो स म्हणजे केवढी मजल आहे, हे तुमच्याइतकं कुणाला सांगावं? बोलण्यातला हा सगळ्यात नाजूक आवाजांपैकी एक. त्याचा बराचसा भाग 4000 हर्ट्झच्या वर असतो आणि ‘आलास’, ‘बसलीस’ या शब्दांत तो अगदी शेवटी, घाईत उच्चारला जातो. गोंगाटात पहिला बुडतो तो हाच. श्रवणयंत्र तो मोठा करून देतं, पण बोलणारा जवळ असेल तर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनी उतरतो. दोन मीटरच्या पलीकडून यंत्रापर्यंत पोचतो तो बोलणं, पंखा आणि खुर्च्यांची खरखर यांचा एकत्र गोळा. यंत्र बसवणं, त्याची मात्रा ठरवणं, आठवड्यातून एक तास सराव घेणं, एवढं आम्ही करतो. रोजचे चार तास तिच्यासमोर उभ्या असता त्या तुम्ही.

तुमच्याआधी ती जिथे जात होती तिथलं बोलायलाच हवं. नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. तिथे मशीन शिट्टी मारतं म्हणून ते काढून दप्तरात ठेवलं जायचं, ‘हरवायला नको’ या काळजीनं. ती शिट्टी म्हणजे मोल्ड, कानाच्या मापानं बनवलेला यंत्राचा कानातला भाग, नीट बसला नसल्याची तक्रार असते. कानाच्या वरच्या घडीत मोल्डचं टोक सरकवलं की बहुतेक वेळा ती थांबते. तरी थांबली नाही तर कान वाढलाय, मोल्ड सैल झालाय. या वयात दर काही महिन्यांनी तो बदलावाच लागतो. कानात मळ साचला तरीही शिट्टी येते. यातलं काहीही कळवलं असतं तर पंधरा मिनिटांत मार्ग निघाला असता. कुणी कळवलंच नाही. “तिला सगळं कळतं हो, मान हलवते की,” असं वर सांगितलं गेलं. मान हलवणं हा ऐकू न येणाऱ्या लहान मुलाचा सगळ्यात सोपा बचाव आहे, हे मुलांसोबत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना माहीत नसावं? तिचे जवळजवळ सात महिने असे गेले, आणि तेही भाषा सगळ्यात वेगानं येण्याच्या वयातले.

तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, “सेल संपलाय हे मला कसं कळेल?” हा प्रश्न फार कमी जण विचारतात. तिच्या यंत्रातले 13 नंबरचे झिंक-एअर सेल शेवटपर्यंत जवळजवळ सारखी ताकद देतात आणि मग एकदम बसतात. मोठा माणूस लगेच सांगेल, साडेतीन वर्षांचं मूल गप्प बसेल. म्हणून तुम्ही रोज सकाळी टेस्टरवर सेल तपासता आणि स्टेथोक्लिप, म्हणजे स्टेथोस्कोपसारखी नळी, यंत्राला लावून स्वतःच्या कानानं आवाज ऐकता. नवा सेल घालताना केशरी चिकटपट्टी काढून एक-दोन मिनिटं हवेत ठेवता, कारण हवा आत गेल्याशिवाय तो जागा होत नाही. नळीत पाण्याचा थेंब दिसला तर मोल्ड सोडवून छोट्या पंपानं फुंकर मारता. जुना सेल टेबलावर राहिलेला आम्हाला एकदाही दिसला नाही. लहान मुलानं तो गिळला तर आत भाजून गंभीर इजा होऊ शकते. सेलच्या दाराचं कुलूप लागलंय ना, हे तुम्ही दोनदा बघता ते याचसाठी.

मग ते सहा आवाज: आ, ऊ, ई, म, श, स. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणात काम केलेल्या डॅनिअल लिंग यांच्या नावानं ओळखली जाणारी, मुलाला जाड-बारीक आवाज ऐकू येतात का हे बघणारी ही तपासणी बहुतेक ठिकाणी चार दिवस चालते आणि विसरली जाते. तुम्ही तिचा खेळ केलात. सगळ्या मुलांनी हातात मणी धरायचा आणि आवाज आला की डब्यात टाकायचा. तुम्ही तिच्या बाजूला, थोडं मागे उभ्या राहता, म्हणजे तिला ओठ दिसत नाहीत आणि स चा श्वासही गालावर जाणवत नाही. क्रम रोज वेगळा. दोन आवाजांच्या मधली शांतता कधी दोन सेकंदांची, कधी सात, कारण ठेका सारखा पडला की मुलं न ऐकताच मणी टाकतात. एकदा तुमचा निरोप आला: “आज म ला मणी पडला, श आणि स ला नाही. कालपर्यंत पडत होता.” एवढ्यावरून पुढचा तपास सरळ झाला. यंत्राचा फिल्टर तुंबला होता. जाड आवाज पोचत होते, बारीक अडकत होते. त्याच दिवशी तो बदलला. जुन्या ठिकाणी याला ‘आज लक्ष नाही तिचं’ म्हटलं गेलं असतं.

खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, गोष्टीच्या वेळी खिडकीकडे तोंड करून बसणं म्हणजे उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडतो, ओरडून न बोलणं, झोपेतून उठल्याबरोबर मशीन परत कानात. हे सगळं तुम्ही केलंत, आणि त्यातली एकेक गोष्ट किती जण करत नाहीत ते आम्ही पाहतो. पण आमच्या मनात जे राहिलंय ते वेगळंच आहे.

तुमचा आवाज थेट तिच्या यंत्रात पोचवणारा माइक नीट चालतोय का बघायला त्या दिवशी आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात बसलो होतो. हत्तीच्या आंघोळीची गोष्ट चालली होती. वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाचा एक मुलगा मध्येच म्हणाला, “हत्तीला साबण केवढा लागत असेल!” वर्ग खदखदून हसला. तीही हसली, पण एक क्षण उशिरा, आणि शेजारच्या मुलीच्या तोंडाकडे बघून. तो उशीर दिसायला शिकावं लागतं. माइक तुमच्या गळ्यात होता, तोंडापासून 15 सेंटिमीटरवर. त्या मुलाचं बोलणं त्यात आलंच नव्हतं. अशा वेळी मोठी माणसं एकच वाक्य म्हणतात, “काही नाही, जाऊ दे.” तुम्ही गोष्ट थांबवलीत. माइक काढलात, त्या मुलापाशी जाऊन त्याच्या हातात दिलात आणि म्हणालात, “परत सांग, तिला ऐकायचंय.” त्यानं हनुवटीशी माइक धरून पुन्हा सांगितलं. वर्ग पुन्हा हसला. या वेळी सगळ्यांच्या आधी ती हसली आणि म्हणाली, “उशीएवढा!”

पंधरा सेकंद लागले असतील. गोष्टीची लय मोडली, तुम्ही ती मोडू दिलीत. ऐकू येणारी मुलं अर्धी भाषा अशीच उचलतात, त्यांच्याशी न बोललेल्या बोलण्यातून, मागच्या बाकावरच्या भांडणातून, दारातल्या गप्पांतून. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी मुद्दाम आणून द्यावं लागतं, दिवसातून वीस वेळा, न कंटाळता. माइक कुठलाही माणूस गळ्यात घालू शकतो. तो काढून दुसऱ्याच्या हातात देण्यासाठी तिचं ते उशिरा आलेलं हसू दिसावं लागतं आणि ते बघून वाईट वाटावं लागतं. पदव्या घेतलेल्या किती जणांना ते वाटत नाही! तुम्हाला वाटलं. आता तर मुलं बोलायच्या आधी आपणहून माइक मागतात, असं तिच्या आईकडून कळलं. चांगुलपणाची सवय मुलांना लागते ती अशी, कुणी उपदेश न करता.

तुमचे आभार कसे मानायचे ते खरंच कळत नाही, ताई. ‘जेवलीस’ मधला तो स तुम्ही दिलेला आहे. तो तुमच्याच कानांनी ऐका. तिला बाहुली द्या आणि वाट बघा.

नवे मोल्ड तयार आहेत. सोमवारी ती घालून येईल. लाल खुणेचा उजव्या कानात, निळ्या खुणेचा डाव्या. पहिले दोन-तीन दिवस कानात लाली किंवा वळ दिसला तर मोल्ड काढून लगेच कळवा, कडा घासून देऊ. आणि सहा आवाज त्या दिवशी थोडे लांबून, तीन मीटरवरूनही घेऊन बघा.

तुमचे,
तिचे श्रवणतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट