गॅलरीतल्या चंद्रासाठी दुर्बीण

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी चंद्र पाहण्यासाठी कोणती दुर्बीण घ्यावी, असे तू विचारले आहेस. माझ्याकडे ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सहा वर्षांपासून आहे, भाच्याची ११४ मिलिमीटर आरशाची न्यूटनियन दोन महिने राहून गेली आणि गेल्या दिवाळीपासून मी ९० मिलिमीटरची मॅक्सुटोव्ह (भिंग आणि आरसे दोन्ही असलेली आखूड दुर्बीण) वापरतो आहे; तेव्हा तिघींचेही गुणदोष मला घरच्या माणसांइतके ठाऊक आहेत.

पहिल्या खरेदीत मी फसलो, हे आधी कबूल करतो. खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले होते आणि दुकानदाराने तेवढ्यावर ती माझ्या गळ्यात मारली. हिशेब असा, की भिंगाच्या ७०० मिलिमीटर नाभीय अंतराला (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथवरच्या अंतराला) ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेने, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाने, भागले की १७५ पट होतात आणि त्यावर तिप्पट करणारी बार्लो (जादा भिंगाची छोटी नळी) लावली की झाले ५२५. परंतु भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपलीकडे प्रतिमा नुसती फुगते, तपशील वाढत नाही. म्हणजे इथे १४० पटींवर सारे संपले. ती बार्लो आजतागायत कपाटात पडून आहे. सोबतच्या २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून २८ पट मोठा, अख्खा चंद्र दिसतो आणि तो फार सुरेख दिसतो.

त्या दुर्बिणीचे दुखणे तिच्या पायांत आहे. फोकसचे चाक जरा फिरवले की चंद्र थरथरू लागतो, म्हणून मी ट्रायपॉडच्या मधोमध दोन किलो कांद्यांची पिशवी टांगतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दर दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे नळी सतत ढकलावी लागते आणि प्रत्येक वेळी थरथर नव्याने सुरू होते. शिवाय चंद्र डोक्यावर असला की नळीचे मागचे टोक ट्रायपॉडच्या पायाला अडते, ते वेगळेच.

तपशिलात भाच्याची न्यूटनियन सर्वांत सरस, यात शंका नाही. हवा स्थिर असेल तर ती चंद्रावरचे सुमारे २ किलोमीटरचे अंतर वेगळे दाखवते, ७० मिलिमीटरला ३ किलोमीटर लागतात. आणि भिंगातून तेजस्वी कडेला जी जांभळट किनार दिसते, ती आरशात नसते. पण जवळजवळ मीटरभर नळी आणि अवजड माउंट आमच्या चार फुटी गॅलरीत मांडले की माणसाला उभे राहायला जागा उरत नाही. गच्चीवर न्यावी, तर दिवसभर तापलेल्या स्लॅबची वाफ वर येत असते आणि चंद्र उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलतो. दोन महिन्यांत ती पाचदा बाहेर निघाली.

मॅक्सुटोव्ह मात्र आठवड्यातून तीनदा निघते. तिचे १२५० मिलिमीटर नाभीय अंतर जेमतेम फूटभर नळीत दुमडून बसवलेले असते, त्यामुळे एका हाताने उचलता येते. २५ च्या नेत्रिकेने ५० पट आणि १० च्या नेत्रिकेने १२५ पट मिळतात. गेल्या शुद्ध अष्टमीला उजेड-अंधाराच्या रेषेवर टॉलेमेयस, अल्फान्सस आणि आर्झाकेल ही तीन विवरे एकाखाली एक लागली होती. आर्झाकेलचा तळ काळोखात होता आणि मधल्या शिखराचा माथा तेवढा ठिणगीसारखा उजळला होता; तासाभराने पाहतो, तर ऊन शिखरावरून खाली उतरू लागलेले. त्या रात्री जेवण निवले. पावसाळ्यात तिच्या पुढच्या काचेला बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी लागते, इतकीच तिची मिजास.

तुझ्या पश्चिमेच्या गॅलरीला मी हीच सुचवीन. फाल्गुन-चैत्रात अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा वरच्या मजल्याचा सज्जा आडवा येईल. तो पश्चिमेला कलेपर्यंत दोन-तीन तास थांब. कोजागरीला दुर्बीण मांडण्याचा उत्साह करू नकोस, कारण पौर्णिमेला ऊन समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट भाकरीसारखा दिसतो. संकष्टीच्या चंद्रोदयासाठी वहिनींना गच्चीवरच जावे लागेल.

पैसे भरण्याआधी येत्या अष्टमीला इकडे ये, मी दोन्ही मांडून ठेवतो. येताना तुझा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड तेवढा आण; मॅक्सुटोव्हचे वजन त्याला पेलते का, ते इथेच पाहून घेऊ.

तुझा,
अविनाश