विषय: गोधडी किटचा काठ लहरतो, दोष शिवणारीचा नाही

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन आणि ग्राहक सेवा

तुमच्या हेल्पलाइनवरून आत्ताच फोन ठेवला गेला, माझं वाक्य अर्धवट असताना. म्हणून आता लेखी.

किट डबल बेडचं: नऊ इंची चौकटी, आठ बाय नऊ, भोवती ठप्प्याच्या छपाईचा साडेचार इंची काठ. किट तुमचंच आहे, जास्त वर्णन करत नाही. इंदूरमधल्या आमच्या शिवणवर्गातल्या बायकांनी माझ्या सांगण्यावरून ही किटं घेतली. पुऱ्या झालेल्या गोधड्यांपैकी एकही पलंगावर सपाट बसत नाही. मधलं अंग बसतं. काठ मात्र झालरीसारखा उठतो आणि कोपरे वर येतात. फोटो आणि मापं तुमच्याकडे आधीच पोचली आहेत. पाहिली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मापं पुन्हा देते. चौकटी जोडून झालेलं मधलं अंग मधोमध उभं मोजलं तर ८१½ इंच, म्हणजे किटमधल्या तुमच्या सूचना-पत्रकाप्रमाणे अगदी बरोबर. बाजूचा काठ पत्रकात सांगितल्याप्रमाणे लावल्यावर त्याची लांबी भरली ८३¾. ८१½ इंचांच्या अंगाला ८३¾ इंचांची पट्टी जोडली तर जास्तीचे सव्वादोन इंच कुठेतरी जाणारच. त्याच या लाटा.

हे कशामुळे होतं, तेही लिहिते, कारण फोनवर कोणालाच ते ऐकायचं नव्हतं.

पत्रकातली चौथी पायरी म्हणते, ‘पट्टी एका टोकापासून शिवत जा, शेवटी उरलेली कापून टाका.’ काठ बिघडवायला ही एक ओळ पुरेशी आहे. पट्टी आधी मापाने कापायची असते, शिवून झाल्यावर नाही. अंगाच्या कडेला प्रत्येक चौकटीचा जोड येतो, हाताळताना ती कड ताणली जाते आणि मधल्या मापापेक्षा लांब होते. लांब झालेल्या कडेला पट्टी न मोजता लावत गेलं की पट्टीही तितकीच लांब बसते. त्यात तुमच्या आकृतीत पट्टी खाली आणि अंग वर दाखवलं आहे. मशीनचे दाते, म्हणजे कापड पुढे सरकवणारे, खालचं कापड जास्त ओढतात, म्हणजे जास्तीची पट्टी टाक्याटाक्याला आत खाल्ली जाते. नेमकं उलट हवं: जे लांब आहे ते अंग खाली दात्यांवर, मोजून कापलेली पट्टी वर.

दुसरी गोष्ट पट्टीची. किटमध्ये ४४ इंची पन्ह्यातून आडव्या कापलेल्या, शिवणीसकट पाच इंची आठ पट्ट्या आहेत, दोन-दोन जोडून एकेक काठ करायचा. कापडाच्या पन्ह्यातून जाणारा आडवा धागा लांबीच्या उभ्या धाग्यापेक्षा जास्त ताणतो. पंचाऐंशी इंच लांब काठ आडव्या धाग्याचा करायचा म्हणजे तो हातात धरल्याबरोबर वाढायला सुरुवात होते. त्यावर आणखी एक: छपाई हाताच्या ठप्प्याची असल्यामुळे नक्षीची रेघ धाग्याच्या रेघेशी सरळ जुळत नाही, थोडी तिरकी जाते. तुमच्या कापणाऱ्याने नक्षी पाहून कापलं आहे, धागा पाहून नाही. त्यामुळे पट्ट्या किंचित उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या, झाल्या आहेत. पट्टीच्या कडेचा एक धागा ओढून पाहा, शेवटपर्यंत जात नाही, मध्येच बाहेर येतो. उरेब कापड किती ताणतं हे सांगायला शिंपी लागत नाही.

चारही काठ उभ्या धाग्याने काढायला सव्वादोन मीटर कापड लागतं. या आकाराला बाजूचे आणि वरखालचे काठ योगायोगाने सारखेच, ८१½ इंचांचे येतात. पाच इंची चार पट्ट्या शेजारी शेजारी कापल्या तर वीस इंच पन्हा वापरला जातो, चोवीस इंच उरतो, त्यातून गोट, म्हणजे कडेची दुमडपट्टी, निघतो. तुम्ही आडव्या आठ पट्ट्या काढून एक मीटरहून जेमतेम जास्त कापडात काम भागवलं आहे. तिथे वाचवलेलं कापड आमच्या काठात लाटा होऊन दिसतं आहे.

आता फोनबद्दल, कारण खरा अपमान तिथे झाला. मी मापं सांगायला लागले, तर तिकडून उत्तर आलं, ‘आंटीजी, हैंडमेड है, थोड़ा तो चलेगा.’ मी म्हटलं, चालत नाही, सव्वादोन इंच आहेत. ‘तो प्रेस कर लीजिए, स्टीम मारके खींच लीजिए.’ खींच लीजिए! ताणून बिघडलेला काठ आणखी ताणा, असं तुमच्याकडचा माणूस ग्राहकाला सांगतो. मी पट्टी आडव्या धाग्याची आहे असं म्हटलं. तो काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, ‘शायद आपसे सिलाई में गलती हुई होगी, यूट्यूब पे देख लीजिए.’ धागा म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत नसणं मी समजू शकते. माहीत नसताना चूक समोरच्याच्या हाताची ठरवणं नाही. एकेकाळच्या हुकुमचंद, राजकुमार, मालवा या कापडगिरण्यांच्या शहरात उभा आडवा धागा आम्ही लहानपणापासून ओळखतो. वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं तर ‘वो भी यही बोलेंगे’, आणि फोन बंद.

इस्त्रीचं खरं काय ते ऐका. अर्धा-पाऊण इंचाचा झोळ ओला करून, इस्त्री उचलून उचलून ठेवत दाबला तर बसतो. सव्वादोन इंचांचा बसत नाही. आणि वाफेची इस्त्री पट्टीच्या लांबीने सरकवली तर ती आणखी वाढते.

पत्रकातली भरणाच्या टाक्यांची, म्हणजे गोधडीचे थर एकत्र धरणाऱ्या टाक्यांची, सूचनाही चुकीची आहे. मध्ये दोन-दोन इंचांवर धावदोऱ्याच्या ओळी आणि काठावर फक्त एक, मधोमध! दाट टाक्यांनी मधलं अंग आखडतं, रिकामा काठ मोकळाच राहतो. सरळ लावलेला काठसुद्धा यामुळे उठेल. काठावरही ओळी तितक्याच दाट हव्यात.

तुमच्या सगळ्या ग्राहकांपर्यंत हे पोचवा: काठ उसवा. अंग सपाट जमिनीवर, न ताणता पसरा. मधोमध आणि दोन्ही बाजूंना कडेपासून जरा आत अशा तीन ठिकाणी मोजा, सरासरी घ्या. दोन्ही पट्ट्या त्याच मापाने कापा. अंगावर आणि पट्टीवर अर्ध्या, पाव, अष्टमांश लांबीवर खुणा करून जुळवा, मधे दोन-तीन इंचांवर टाचण्या. अंग खाली, टाका अडीच मिलिमीटर, मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाचा दाब कमी. बाजूचे काठ आधी. मग रुंदी काठांसकट पुन्हा मोजून वरचा आणि खालचा. एवढं पत्रकात छापायला अर्धं पान लागलं असतं.

वाईट याचं वाटतं की चौकटींचं कापड चांगलं आहे. रंग पक्का, धुऊन उतरत नाही, तुकडे मापात कापलेले. त्याच विश्वासाने मी किटं सुचवली. एवढी चांगली चौकट करून काठाला हात का आखडला, ते मला खरंच कळत नाही.

मागण्या: घेतलेल्या प्रत्येक किटसाठी उभ्या धाग्याने, धागा पाहून कापलेले, मापापेक्षा तीन इंच लांब चार काठ विनामूल्य पाठवा, किंवा पूर्ण पैसे परत करा. पत्रक दुरुस्त करा, आणि जुनं पत्रक मिळालेल्यांना कळवा. चूक शिवणाऱ्यांची नव्हती, हे लेखी द्या. फोनवर आलेलं ‘आपसे गलती हुई होगी’ मला लेखी मागे घेतलेलं हवं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली जाईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहते तिथल्या, म्हणजे इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नेता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही. पत्रक, पट्टी आणि मापं पुरावा म्हणून जपून ठेवली आहेत.

नव्या पट्ट्या पाठवताना घड्या घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून पाठवा. घडीच्या रेघा काढताना पट्टी पुन्हा ताणली जाते.

तक्रारदार ग्राहक,
इंदूर