किल्ल्याचा दीपस्तंभ मीच कापला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आता शाळाशाळांतून प्रदर्शनांची तयारी सुरू होईल. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर थर्माकोल कुठे मिळेल ही चौकशी सुरूसुद्धा झालीय, म्हणून म्हटलं आपणच आधी कबूल करून टाकावं. मागच्या वर्षी मुलीच्या वर्गातल्या पाच जणांनी मिळून आपल्या गोव्यातला आग्वादचा किल्ला केला, म्हणजे कागदावर पाच जणांनी. दीपस्तंभ मी कापला, रात्री एक वाजेपर्यंत बसून, तटबंदी एकीच्या बाबांनी, लाइट कोणाच्या तरी मामाने लावले आणि मुलांनी काय केलं म्हणाल तर फेव्हिकॉलचं टोपण उघडून दिलं. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांनी साधा प्रश्न विचारला, याला आग्वाद का म्हणतात रे? पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. पोर्तुगीजमध्ये आग्वा म्हणजे पाणी, जहाजं तिथे गोडं पाणी भरून घ्यायची, किल्ला १६१२ चा, हे सगळं मला पाठ होतं कारण ते मीच टाइप केलेलं! मी मागे उभा राहून नुसता खाकरत होतो. एवढं होऊन दुसरं बक्षीस मिळालं. आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे ते वेगळंच, तरी आम्हाला मिळाला तो मिळालाच.

मुलांना मिळून काम करता येत नाही असं कोणी म्हणालं तर मला हसू येतं. ह्याच मुलांना दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावर बघा, नरकासुराचा पुतळा करताना. कोण गवत आणतो, कोण जुनी पोती, कोण दारोदार वर्गणी मागत फिरतो, बारकी पोरं पेपर फाडून खळीत बुडवून देतात, हात कोपरापासून वाकडा झाला तर तसाच राहतो आणि पहाटे जाळतात तेव्हा तो कोणा एकाचा नसतो. (रात्रभर जो डीजे चालतो त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) चतुर्थीची माटोळी घ्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची चौकट, कोणी सुपारीचा कातरो म्हणजे घड आणतं, कोणी रानात जाऊन कांगलां, घागऱ्या शोधून आणतं, बांधणारे दोघे असले तरी ती सगळ्या घराची. मग शाळेच्या गेटमधून आत आलं की "ग्रुप प्रोजेक्ट" म्हणजे एक चित्र बरं काढणारी मुलगी आणि बाकी चार नावं, असं का होतं?

यंदा चतुर्थीच्या सुट्टीत मी एक गोष्ट करून बघितली. घरची आणि शेजारची मिळून बारा पोरं. नार्वे-दिवाडीच्या फेरीबोटीचं एक साधं रेषांचं चित्र घेतलं, त्यावर चार उभ्या आणि तीन आडव्या रांगा असे बारा चौकोन पाडले, आणि एकेकाला एकेक चौकोन नऊ इंचांच्या कार्डपेपरवर मोठा करायला दिला. दोन गोष्टी मात्र आधीच करून ठेवायच्या. मागे नंबर आणि वरची बाजू कुठली त्याचा बाण, नाहीतर जोडताना गोंधळ. आणि शेजारच्या चौकोनात जाणारी रेघ कडेवर नेमकी कुठे पोचते ती खूण. बाकी काही सांगायचं नाही. जोडल्यावर तीन फूट रुंद चित्र झालं, बोट अर्धी करडी अर्धी निळी, नदीचं पाणी चार तऱ्हेचं, एकाने स्वतःच्या चौकोनात मगर घातली (म्हणे असते तिथे!). पण गंमत अशी की प्रत्येक पोर आधी आपला चौकोन शोधायला धावलं आणि मग शेजारच्याशी भांडायला, तुझ्यामुळे माझी दोरी तुटली म्हणून. पुढच्या वेळी कडेच्या खुणा दोघांनी बसून एकत्र करायच्या हे त्यांनीच ठरवलं, मी नाही.

चाळीसच्या वर्गाला आठ गुणिले पाच, जवळजवळ सहा फुटांचं चित्र होतं, खर्च कार्डपेपर आणि पोस्टर कलरचा. विषयाला आपल्याकडे काय कमी? आपली कावी कलाच घ्या, मोरजीच्या मोरजाई देवळात आहे तशी, पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगाचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा दाखवायचा. वर्गात चुना नको, कागदावर मेणबत्ती घासायची, वर तांबड्या पोस्टर कलरमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब घालून तो लावायचा, वाळला की रिफिल संपलेल्या पेनाने खरवडायचं. एका चुकीच्या रेघेने काही बिघडत नाही.

शिक्षकांना एवढंच सांगणं आहे की हे काम घरी पाठवू नका. ड्रॉइंगला आमच्या शाळेत एकच टीचर आहेत, त्यांच्यावर सगळा भार नको हे मान्य, पण इतिहासाचा किंवा मराठीचा एखादा तास त्यात गेला तर आकाश कोसळणार नाही. आणि खालच्या पाटीवर नुसती नावं नकोत, कोणी काय केलं ते लिहा, खळ कोणी शिजवली तेसुद्धा. पहिला-दुसरा नंबर काढलाच नाही तर आम्ही पालकही ब्लेड हातात घेणार नाही, कारण खरं सांगायचं तर तो नंबर मुलांपेक्षा आम्हालाच हवा असतो.

फेरीबोटीचं चित्र सध्या आमच्या ओसरीवर लावलंय. पावसाळी दमटीने एका कोपऱ्याला बुरशी धरलीय, आणि नेमका तो मगरवाल्याचा चौकोन असल्यामुळे तो रोज येऊन फडक्याने पुसून जातो.

आपला,
एक पालक, डिचोली