एकट्या माणसाच्या पेटंटलाही जलद तपासणी द्या : वाणिज्य मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय वाणिज्य आणि उद्योग मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त आयटीआय निदेशक. पेटंट कायद्यातल्या एका नियमाबद्दल लिहितोय, पण आधी शंकर आबाजी भिसे यांच्याबद्दल थोडं.

जन्म १८६७, मुंबई. ना कंपनी, ना लॅब, तरी साधारण दोनशे शोध आणि चाळीसेक पेटंट या एका माणसाच्या नावावर. स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप फ्लश होणारं संडास, टेलिफोन, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे भिसोटाइप, छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं मशीन. लंडनला दादाभाई नौरोजींनी पाठीशी राहून मदत केली, पण मशीन बाजारात आणायला भांडवल मिळेना. मग गोखल्यांच्या ओळखीतून सर रतन टाटांचे पैसे मिळाले, आणि शेवटी भिसे न्यूयॉर्कला गेले ते तिथलेच झाले, १९३५ मध्ये तिथेच वारले. डोकं होतं, पेटंटं होती, तरी प्रत्येक वेळी कुणीतरी मोठा माणूस ओळखीचा निघावा लागला. ज्याला दादाभाई भेटले नाहीत त्याचं काय झालं असेल, हे तर कुणी लिहूनही ठेवलेलं नाही.

आता नियमाचं. २००३ च्या पेटंट नियमांमधला २४सी, जलद तपासणीचा, म्हणजे अर्ज नेहमीच्या रांगेत न अडकता लवकर तपासला जाण्याचा. यात स्टार्टअप आहे, लघुउद्योग आहे, सरकारी खाती, सरकारी कंपन्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत, महिला अर्जदार आहेत (आणि त्या असायलाच हव्यात). पण घरी बसून काहीतरी बनवणारा एकटा पुरुष, रिटायर्ड फिटर असो, शाळामास्तर असो, मोबाईल रिपेअरवाला असो, त्याला स्वतःच्या नावावर अर्ज करून हे दार उघडत नाही, सहसा आंतरराष्ट्रीय अर्ज करून त्याची छाननी करायला भारताचं पेटंट ऑफिस निवडलं तरच, आणि तो खर्च त्याला कुठून झेपणार?

लोक सांगतात उद्यम नोंदणी करा म्हणजे लघुउद्योग झालात. अहो पण धंदा अजून सुरूच झालेला नाही, शोध फक्त टेबलावर आहे, तर धंदा कागदावर कशाला दाखवायचा?

उशिराने काय बिघडतं ते सांगतो. पेटंटची २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे फाईल पडून राहिली की मुदत आपलीच खाल्ली जाते. १८ महिन्यांनी अर्ज पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून येतो, सगळं ड्रॉइंग जगाला दिसतं, पण पेटंट मंजूर होईपर्यंत नक्कल करणाऱ्यावर केस टाकता येत नाही, नुकसानभरपाई मागायची तीही मंजुरीनंतरच. मोठी कंपनी तेवढ्यात माल विकून मोकळी होते, घरगुती वापराची वस्तू असेल तर दोन दिवाळ्यांमध्ये बाजार संपतो. त्यात आंतरराष्ट्रीय अर्ज केला असला तरी कुठल्या देशात पेटंट घ्यायचं हे बहुतेक देशांसाठी ३० महिन्यांच्या आत ठरवावं लागतं, आणि इथलं पेटंट टिकेल का हेच तेव्हा माहीत नसतं, मग कर्ज काढायचं कशाच्या जोरावर? बँकवाला आधी मंजुरीचा कागद मागतो, भागीदारही तोच मागतो.

फीमध्ये सरकारने एकट्याला सवलत दिलीय हे मी मानतो. ऑनलाइन अर्ज ₹१,६००, साधी तपासणी ₹४,०००, मोठ्या कंपनीला याच्या पाचपट. म्हणजे एकटा माणूस वेगळा आहे, त्याची ऐपत कमी आहे, हे सरकारला कळतं. मग जे फीच्या तक्त्यात कळतं ते २४सी मध्ये का नाही? जलद तपासणीचे ₹८,००० आम्ही भरू, फुकट काही नको.

माझी मागणी एवढीच : २४सी च्या यादीत 'स्वतःच्या नावाने अर्ज करणारी कोणतीही व्यक्ती' हे शब्द घाला. दुरुपयोगाची भीती असेल तर वर्षाला एका माणसाचे दोनच अर्ज घ्या, चालेल. आणि अर्ज फक्त हिंदी किंवा इंग्रजीत चालतो, तर निदान मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात मराठीत समजावून सांगणारा एक माणूस बसवा, कारण आमच्या आयटीआयमधून निघालेल्या पोरांचं काम चोख असतं पण क्लेम, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं ते सांगणारी कलमं, लिहिताना ती अडतात आणि पेटंट एजंटची फी परवडत नाही म्हणून अर्जच करत नाहीत.

यासाठी संसदेत कायदा बदलावा लागत नाही, नियमात बदल आपलं मंत्रालय करू शकतं. २०२४ मध्ये याच नियमांमध्ये तपासणीची विनंती करायची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आणलीत. पुढच्या दुरुस्तीच्या मसुद्यात ही ओळ घ्या आणि मसुदा हरकतींसाठी खुला करा, आम्ही आमच्या सूचना वेळेत पाठवतो.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक