मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलंय

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

रिटायर झाल्यापासून तुमचा जुना नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. परभणीच्या आपल्या कॉलेजातल्या कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत नक्की पोचवेल. प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्या कमरेला असायची ते मामा कुठल्याच बॅचला विसरता आलेले नाहीत.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरला, तेव्हा आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या लेकरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. पाच-सहा दिवसांनी बातमी आली, विक्रममधून उतरलेल्या प्रज्ञान रोव्हरला, म्हणजे त्या छोट्या गाडीला, तिथल्या मातीत गंधक सापडलं. सातवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, माती तर कुणीच आणली नाही. मग कळलं कसं?" मी फळ्यावर लेझर, इलेक्ट्रॉन, वर्णपट असं सगळं लिहिलं. त्यांनी ते वहीत उतरवलं आणि परत माझ्या तोंडाकडे बघत बसली. शाळेत प्रयोगशाळा नाही. रात्री तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच म्हणालात, "शनिवारी सकाळची शाळा असती ना? येतो."

पोळ्याच्या आधीच्या त्या शनिवारी तुम्ही पहिल्या एसटीनं आलात. पिशवीत नायक्रोमची तार, आम्लाची छोटी बाटली आणि कागदाच्या पुडीत मोरचूद. खिडक्यांना पोती लावली, खिचडीची गॅस शेगडी वर्गात आणली. मिठाची ज्योत पिवळीधमक झाली, मोरचुदाची हिरवी. मग एका पोरानं धुतलेली तार चिमटीत धरून ज्योतीत नेली आणि काहीच न लावता ज्योत पुन्हा पिवळी! तुम्ही रागावला नाहीत. "बोट लागलं बाळा. घामातलं मीठ पेटलं," म्हणालात. एवढ्याशा घामाचंही ज्योत नाव सांगते, हे त्या पोराला जन्मभर पुरेल.

त्यानंतरचं तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही खिशातली चुन्याची डबी काढली, नखाएवढा चुना आम्लात कालवला, तार बुडवली. ज्योतीत विटकरी लाल झाक उठली. "हे कॅल्शियम. प्रज्ञानला चंद्रावर हेच घावलंय, गंधकासंगं."

मग मला समजावणं सोपं गेलं. प्रज्ञानचं एक यंत्र मातीवर लेझरचा झोत मारतं. तेवढा ठिपका इतका तापतो की त्याची वाफ होऊन ती चमकते, आणि त्या उजेडातले रंग वेगळे करून यंत्र मूलद्रव्यं ओळखतं. दुसरं, अल्फा कणांचं यंत्र, जाळत काही नाही. त्यातल्या क्युरिअम या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणारे अल्फा कण आणि क्ष-किरण मातीवर पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरलेले क्ष-किरण परत सोडतं. पोरांनी खोक्याची नळी आणि सीडीचा तुकडा घेऊन मिठाच्या ज्योतीतली ती एकच पिवळी रेघ पाहिली. एकेकाचा नंबर लागेपर्यंत तुम्ही शेगडीपाशी वाकून उभे होतात.

निघताना शाळेमागच्या विहिरीवर काढलेल्या काळ्या दगडांच्या ढिगाशी थांबलात आणि विचारलंत, "मॅडम, चंद्रावरला दगड बी असाच असंल का?" मला तेव्हा सांगता आलं नाही.

उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. अल्फा कणांचं ते यंत्र अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं बनवलेलं. प्रज्ञान साधारण १०३ मीटर चालला, तेवढ्यात त्यानं २३ जागी माती तपासली. हे यंत्र मूलद्रव्यं मोजतं. कुठली खनिजं असतील ते त्या प्रमाणावरून काढावं लागतं. विक्रम उतरला तिथली माती फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट दगडाशी जुळते. त्यात कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर. आपला बेसाल्ट, ज्यातून वेरूळचं कैलास कोरलं, लोहानं भरलेला आणि काळा. म्हणजे तिथला दगड आपल्यासारखा नाही. चंद्र कोवळा असताना त्यावर वितळलेल्या दगडाचा समुद्र होता. हलकी खनिजं दुधावर साय यावी तशी वर तरंगली, जड ती खाली बसली. हे जे शास्त्रज्ञ मानत आले होते त्याला या मोजणीनं बळ मिळालं. अपेक्षेपेक्षा थोडं जास्त मॅग्नेशियमही निघालं. मोठ्या आघातानं खोलातलं वर येऊन मिसळलं असावं.

पण मामा, चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो ना, ते काळे डाग बेसाल्टचेच आहेत. १९६७ मध्ये अमेरिकेचं सर्व्हेअर ५ हे यान तशाच एका डागावर उतरलं होतं आणि त्यानंही अल्फा कणांनीच तिथली माती तपासली होती. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: आपला विक्रम उतरला तिथं नाही, सशाच्या अंगावर हो.

तार मी जपून ठेवलीय. चौथीतल्या लेकरांना आता ती प्रश्न विचारणारी पोरगीच प्रयोग करून दाखवते, आणि सगळ्यात आधी बजावते, "बोट लावायचं नाही." तुम्ही एकदा या. यायच्या आधी नवीन नंबरावरून फोन करा, एसटी स्टँडवर घ्यायला येते.

आपली,
परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली तुमची विद्यार्थिनी