विषय: कार्यालयातील संगणक बदलण्याऐवजी त्यात एसएसडी (फिरणाऱ्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

संदर्भ: नवीन संगणक खरेदीबाबत सूचना फलकावर लावलेली नोटीस

स. न. वि. वि.

कार्यालयातला संगणक ‘कालबाह्य झाल्याने’ ५२ हजार रुपयांचा नवीन घ्यायचा प्रस्ताव रविवारच्या सभेपुढे येणार, असे नोटिशीवरून कळले. संगणक हळू चालतो यात वाद नाही. नाहरकत दाखल्यासाठी ज्याने कार्यालयात खुर्ची अडवली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. मॅनेजर बटण दाबतात, पाण्याचा पंप सुरू करून येतात, तरी पडद्यावरचे ठिपके गोल फिरतच असतात. मात्र तो हळू का चालतो हे कोणी तपासले आहे का? नोटिशीत त्याबद्दल एक ओळही नाही.

माझा डीटीपीचा व्यवसाय आहे, त्यामुळे जुने संगणक चालते ठेवणे हे पोटापाण्याचेच काम. गेल्या आठवड्यात मॅनेजरांना विचारून, त्यांच्यासमोरच, मी हा संगणक पाहिला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. तो उघडायलाही बराच वेळ लागला, आणि उघडल्यावर जे दिसले ते असे: प्रोसेसर निवांत, दहा टक्क्यांच्या आतबाहेर, मेमरी जेमतेम पुरतेय, आणि डिस्कच्या रकान्यात लालभडक १००%. कोणी काहीही करत नसताना. डब्यावरचा बारीक दिवाही विझायचे नाव घेत नव्हता.

म्हणजे दुखणे हार्ड डिस्कचे आहे, आणि आपण अख्खा संगणक बदलायला निघालो आहोत.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० वेळा. एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि डोके योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या बारक्या फाइली वाचायच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच वाचू शकते. विंडोज सुरू होताना असेच हजारो बारके तुकडे वाचते. टॅली (हिशेबाचा प्रोग्राम), अँटिव्हायरस आणि अपडेट एकाच वेळी सुरू झाले की सगळे रांगेत. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, सगळे चिपवर. तिथे हेच वाचन एक दशांश मिलिसेकंदात किंवा त्याहून कमी वेळात होते. प्रोसेसर तोच आणि टॅलीही तीच राहते, फक्त रांग संपते. माझ्याकडे याच पिढीच्या मशीनवर हे केले आहे. सुरू होऊन कामाला लागायला आता अर्धा मिनिटही लागत नाही.

प्रिंटरचा वेग यामुळे वाढणार नाही, इंटरनेटचाही नाही. बिले छापायला जेवढा वेळ आज लागतो तेवढाच लागेल. फाइल उघडायला लागणारा वेळ वाचेल.

आता यापेक्षा निकडीची गोष्ट. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्राम डिस्कची तब्येत सांगतो. त्यात आपल्या डिस्कला पिवळा शेरा आला आहे. काही सेक्टर (डिस्कवरचे बारके कप्पे) खराब होऊन बदलले गेले आहेत, आणि काही ‘पेंडिंग’ आहेत, म्हणजे डिस्कला ते नीट वाचता आलेले नाहीत आणि त्यांचा निकाल लागायचा आहे. अशी डिस्क आणखी वर्षभर चालेल किंवा येत्या सोमवारी बंद पडेल. दोन्ही घडते.

मॅनेजरांना बॅकअपचे विचारले. ते म्हणाले, “आहे ना, रोज डी ड्राइव्हवर घेतो.” त्यांचा यात दोष नाही, त्यांना तसेच शिकवले गेले आहे. पण आपल्या संगणकात डिस्क एकच आहे. सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे. कपाट पेटले तर वरचे जळाले आणि खालचे वाचले असे होत नाही. त्या डिस्कवर काय काय आहे तेही सांगते: टॅलीचा सगळा डेटा, आय आणि जे नमुन्याच्या, म्हणजे सभासदांच्या, टाइप केलेल्या याद्या, नामनिर्देशनांचे स्कॅन, सभांची इतिवृत्ते, अभिहस्तांतरणाच्या कागदांच्या प्रती आणि पुनर्विकासाचा आजवरचा सगळा पत्रव्यवहार. यातले बरेच कागदावरही आहे, मान्य. पण तो कागद कोणत्या फाइलीत आहे हे शोधायची यादीसुद्धा याच डिस्कवर आहे. तेव्हा नवीन संगणक घ्या वा न घ्या, हा डेटा एका बाहेरच्या डिस्कवर आधी उतरवून घ्यावा. रविवारच्या सभेपर्यंत थांबू नये.

कोणती एसएसडी घ्यायची याबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण गडबड इथेच होते. आपला संगणक २०१४ चा, चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा, एच८१ मदरबोर्डचा. दुकानदार हल्ली आधी च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई एसएसडी पुढे करतात. ती आपल्या बोर्डावर बसणार नाही, तिची खाचच नाही. आपल्याला अडीच इंची साटा एसएसडी हवी. एच८१ वर साटाची चार पोर्ट असतात, त्यांतली दोन ६ गिगाबिटची आणि दोन ३ गिगाबिटची. केबल ६ वाल्यात लावायची, बोर्डावर तसे बारीक अक्षरात छापलेले असते. चुकून ३ वाल्यात लागली तरी चालते, पण मोठ्या फाइलींचा वेग निम्म्यावर येतो. डब्यातली जागा साडेतीन इंची आहे, म्हणून एक ब्रॅकेट आणि एक साटा केबल सोबत मागून घ्यावी.

आकार ५०० जीबीच घ्यावा. वापरात एवढी जागा नाही, २४० सुद्धा पुरली असती. पण सध्याची डिस्क ५०० ची आहे, आणि क्लोनझिलासारख्या फुकट प्रोग्रामने जशीच्या तशी नक्कल उतरवायची तर नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असून चालत नाही. ४८० ची घेतली तर आधी पार्टिशन आकसून घ्यावे लागते, आणि आजारी डिस्कवर असले उपद्व्याप मला नकोत.

एसएसडी लिहून लिहून झिजते, असे समितीतले कोणीतरी नक्की म्हणेल. झिजते, खरे आहे. चांगल्या कंपन्या साधारण ५०० जीबीच्या साध्या एसएसडीला १२० ते ३०० टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी) लिखाणाची हमी देतात. आपल्या कार्यालयात रोज २० जीबी लिहिले जाते असे धरले, जे कधीच होणार नाही, तरी १२० टेराबाइट संपायला सोळा वर्षे लागतील. त्याआधी इमारत पुनर्विकासाला गेलेली असेल. निदान तशी आशा आहे.

भाव मुद्दाम लिहीत नाही. एसएसडी आणि रॅमचे दर सध्या सारखे हलतात, आज लिहिलेला आकडा रविवारी खोटा ठरेल. तापकीर गल्लीतून किंवा जवळच्या दुकानातून तीन कोटेशने घ्यावीत. कितीही चढा भाव धरला तरी तो ५२ हजारांचा लहानसा भाग असेल. ऑनलाइन ‘२ टीबी, फक्त ९०० रुपये’ अशा जाहिराती येतात, त्या वाटेला जाऊ नये. बिल जीएसटीसह घ्यावे आणि सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तिथल्या तिथे तपासावी. बोर्डावर रॅमची एक खाच रिकामी आहे. तिथे ४ जीबी डीडीआर३ ची आणखी एक पट्टी बसली तर ८ जीबी होईल आणि पुढे कुरकुर राहणार नाही. डबा उघडलाच आहे तर संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ चा सेलही बदलावा. गेल्या वर्षी दोन सभासदांच्या पत्रांवर १ जानेवारी २०१४ ही तारीख छापून आली, ती या सेलची कृपा.

एएमसीवाल्यांना (वार्षिक देखभालीचे कंत्राट असलेल्यांना) एक गोष्ट आधीच बजावावी लागेल. कुठलीही तक्रार सांगा, त्यांचे उत्तर ‘फॉरमॅट मारू’. इथे फॉरमॅट नको, नक्कल हवी. आपल्या जुन्या नोटिसा आणि इतिवृत्ते श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटांत टाइप केलेली आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. विंडोज नव्याने टाकले आणि ते फाँट पुन्हा बसले नाहीत, तर २०१४ पासूनची इतिवृत्ते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ होऊन समोर येतील. टॅलीचेही तसेच. लायसन्स त्या मशीनशी बांधलेले असते, त्यामुळे डिस्क बदलल्यावर ते पुन्हा ॲक्टिव्हेट करावे लागू शकते. सिरियल नंबर आणि ज्या ईमेलवर लायसन्स घेतले तो ईमेल हाताशी नसला, तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते आणि महिन्यातल्या मोजक्याच तारखांना नोंद करू देते. बिले काढायच्या आठवड्यात हे नको.

खजिनदारसाहेबांचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते; आपला प्रोसेसर त्या यादीत बसत नाही. आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे भेटतात, पण सभासदांच्या आधार-पॅनच्या प्रती असलेल्या मशीनवर असा प्रयोग मला पटत नाही. एसएसडीने हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की हा संगणक हिशेब, बिले आणि छपाई एवढ्यापुरता ठेवावा आणि त्याची इंटरनेटची केबल काढावी. टॅलीच्या ॲक्टिव्हेशनपुरती लावली तर लावली. बँक आणि ईमेल तसेही सचिवांच्या लॅपटॉपवरून चालते, विवरणपत्रे सीएच्या कार्यालयातून जातात. नवीन संगणक कधीतरी घ्यावा लागेलच. तो सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, अंदाजपत्रकात तरतूद करून, शांतपणे ठरवावा. तोवर एसएसडीचे पैसे वाया गेलेले नसतील. तीच पुढे नव्या मशीनमध्ये दुसरी डिस्क म्हणून लागेल, किंवा यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरता येईल.

नोटिशीसोबतच्या कोटेशनविषयी दोन प्रश्न आहेत. त्यात ‘स्टोरेज १ टीबी’ एवढेच लिहिले आहे. ती एसएसडी आहे की हार्ड डिस्क? हार्ड डिस्क असेल तर ५२ हजार मोजून दोन-तीन वर्षांत आपण पुन्हा तेच ठिपके बघत बसू. दुसरे, खर्च सिंकिंग फंडातून दाखवला आहे. तो फंड इमारतीच्या मोठ्या संरचनात्मक कामांसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो, संगणकासाठी नव्हे. लेखापरीक्षकांनी विचारायच्या आधी आपणच हे दुरुस्त केलेले बरे.

जुनी डिस्क कोणालाही एक्स्चेंजमध्ये देऊ नये आणि भंगारात तर मुळीच टाकू नये. फाइली डिलीट केल्या म्हणजे त्या गेल्या असे होत नाही, थोडे कसब असलेला माणूस त्या परत काढतो. काढलेल्या डिस्कवर तारीख लिहून ती कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावी. वर्षभराने, लेखापरीक्षण उरकल्यावर, ती पूर्ण पुसून अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी आणि पोच घ्यावी.

एसएसडी बसली म्हणून बॅकअप सुटला असे मात्र समजू नये. हार्ड डिस्क जाताना बहुधा कुरकुरते, टकटक आवाज करते. एसएसडी कधीकधी एका क्षणात जाते, आणि तिच्यातून डेटा परत मिळवणे जास्त अवघड असते. दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात, एक कार्यालयात आणि एक खजिनदारांकडे, दर शनिवारी अदलाबदल. शिवाय यूपीएसची बॅटरी मेलेली आहे. गुरुवारी लाइट गेली की संगणक धाडकन बंद पडतो. लिहिणे चालू असताना असे बंद पडणे दोन्ही प्रकारच्या डिस्कना घातक असते. ती बॅटरी याच खर्चात धरावी.

नक्कल उतरवायचे काम मी विनामोबदला करून देईन. डिस्क आजारी असल्याने रात्रभर लागू शकेल. सभेआधीच्या शनिवारी दुपारी चारनंतर मी मोकळी आहे. त्या दिवशी निदान बॅकअप उतरवून घेऊ, बाकीचे सभेच्या निर्णयानंतर. त्यासाठी एक रिकामी बाहेरची डिस्क, कार्यालयाची किल्ली आणि टॅलीचा सिरियल नंबर लागेल. तो नंबर मॅनेजरांना सापडला नाही. मूळ बिल पूर्वीच्या खजिनदारांच्या फाइलीत असावे असे ते म्हणाले. कृपया ती फाइल शुक्रवारपर्यंत काढून ठेवायला सांगावे.

कळावे,
आपली विश्वासू,
(सही)
सभासद, बी विंग

प्रत माहितीसाठी: मा. सचिव, मा. खजिनदार